पत्ता आणि पाऊल

टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर पॉइंटर पहिल्यांदा छापून पाहिला तेव्हा आकडा आला ६५५१६. त्यात एक मिळवला, तर आला ६५५१८. शेजारी यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ उघडं होतं. त्या कंपायलरचा इंटिजर दोन बाइटचा, म्हणून पॉइंटरचं ‘एक’ म्हणजे एक अख्खं घर. पुढे लिनक्सवर तोच प्रोग्राम एक अक्षरही न बदलता चालवला आणि पाऊल चार बाइटचं पडलं. आपण कोणत्या प्रकाराकडे बोट दाखवतोय हे पॉइंटरला माहीत असतं, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

मग मोजणी शून्यापासून का, हेही उलगडलं. कंपायलरच्या लेखी गुण[३] म्हणजे *(गुण + ३). कंसातला आकडा क्रमांक नसून सुरुवातीपासूनचं अंतर आहे, आणि पहिल्या घराचं अंतर शून्य.

नोकरीत फर्मवेअर लिहू लागले तेव्हा सीरियल पोर्टवरून येणारे बाइट बफरमध्ये भरताना हेच गणित कामी आलं. ‘शेवट’ नावाचा पॉइंटर शेवटच्या घराच्या एक घर पुढे ठेवायचा. तो पत्ता धरायला सी परवानगी देते, तिथे डोकावायला नाही.

सीचे जनक डेनिस रिची यांचा १९९३चा लेख वाचला आणि या रचनेमागचं कारण सापडलं. आधीच्या बी भाषेत अ‍ॅरेचा पत्ता एका वेगळ्या जागी साठवलेला असे. युनिक्सच्या डिरेक्टरीतली नोंद मात्र दोन बाइटचा आयनोड क्रमांक आणि १४ अक्षरांचं नाव अशी सलग. ती मेमरीत जशीच्या तशी मांडायची, तर मध्येच पत्ता कुठे ठेवणार? रिचींनी ती जागाच काढून टाकली. अ‍ॅरेचं नाव घेतलं की पत्ता तिथल्या तिथे तयार होतो. किती देखणा उपाय!

त्याची किंमतही आहे. फंक्शनकडे जातो तो फक्त पत्ता, लांबी मागे राहते. ‘गेट्स’ या फंक्शनला तर जागा किती आहे हे सांगायची सोयच नव्हती. १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने त्याच वाटेने ५१२ बाइटचा बफर ओलांडला. २०११च्या मानकातून ते फंक्शन अखेर वगळलं गेलं.

म्हणून नव्या सहकाऱ्यांना मी पॉइंटरसोबत लांबी द्यायला सुरुवातीलाच शिकवते. पुढचं घर कुठे आहे हे सी अचूक सांगते. आपलं घर कुठे संपतं, हे मात्र लिहिणाऱ्यानेच सांगायचं असतं.