काच सगळ्यात शेवटी

यंदा गणपतीला पाचाडला गेलो होतो. (काकू, तुमचा निरोप पोचवला बरं का!) पाऊस असा, की पायथ्याशी राहूनही चार दिवस रायगड काही दिसला नाही. मग काय, घरात बसून पुतण्याचे उद्योग बघणं आलं.

पठ्ठ्याने 'युरो ट्रक सिम्युलेटर २' या गेमसाठी आपली लाल एसटी बनवायला घेतली होती. गेम एका चेक कंपनीचा, २०१२ सालचा. रस्ते युरोपातले, पण लोक आपापल्या गाड्या बनवून त्यात घालतात; त्याला मॉड म्हणतात. ब्लेंडरमध्ये बसून त्याने बॉडी, सीटा, वरचा सामानाचा रॅक, सगळं हौसेने केलेलं. गडबड एकच. बाहेरून काचेतून बघितलं की आतल्या सीटा गायब! पलीकडचं आभाळ दिसतंय, मधलं काहीच नाही.

बाबा मागे उभे राहून बघत होते. सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेली. म्हणाले, "असली गाडी मी स्टँडातून बाहेर काढणार नाही." आणि गेले चहा प्यायला.

पोरगं हिरमुसलं. काचेचा अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा आकडा, कमी-जास्त करण्यात त्याचे दोन दिवस गेले होते. मला वाटतं सगळे इथेच फसतात. दोष पारदर्शकतेत नसतोच, क्रमात असतो. चित्र काढताना संगणक प्रत्येक ठिपक्यापाशी एक नोंद ठेवतो, की इथे काढलेली वस्तू किती लांब आहे. (या 'डेप्थ बफर'चं वर्णन एडविन कॅटमलने १९७४ मध्ये आपल्या प्रबंधात केलं. पुढे पिक्सार काढणाऱ्यांतला हाच तो.) नंतर आलेली वस्तू त्याहून लांब असेल, तर ती झाकलेली समजून काढलीच जात नाही. आता काच आधी काढली आणि तिने आपलं अंतर नोंदवून टाकलं, की मागून येणाऱ्या सीटांना दार बंद. काचेतून आरपार दिसतं हे त्या नोंदवहीला कुठे ठाऊक! आभाळ काचेच्या आधीच काढून झालेलं, म्हणून तेवढं दिसत होतं.

तेव्हा आधी सगळं भरीव सामान काढायचं आणि काचा शेवटी. त्यातही लांबची आधी, जवळची नंतर, आणि काचेने वहीत नोंद करायची नाही.

आमच्या साहेबांनी काचा बॉडीच्याच मटेरियलमध्ये ठेवल्या होत्या. त्या सुट्या करून गेममधल्या खास काचेच्या मटेरियलवर टाकल्या आणि सीटा दिसल्या! पण आता बाहेरून दिसणारी काच आतून दिसेना. गेममध्ये पृष्ठभागाला बहुधा एकच बाजू असते, दुसरीकडून तो नसल्यासारखाच. मग आतल्या बाजूला उलट्या तोंडाची दुसरी काच बसवली. रात्रीचा दीड वाजला.

सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. "सगळे उलट्या बाजूने येतायत की रे!" म्हणत त्यांनी गाडी काढली. थोड्या वेळाने गेममध्ये पाऊस लागला, काचेवर थेंब आले, वायपर फिरायला लागले. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि कीबोर्डवरचे हात काढले.

"त्या दिवशी एवढंही दिसत नव्हतं."

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्याही गेल्या. त्याच संध्याकाळी बाबा त्या पुलावरून गाडी घेऊन आले होते. आम्हाला हे माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी एक शब्द ऐकला नव्हता. त्या सकाळी अर्धा तास बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, घरच्यांना फोनवर सांगेन.

पुतण्याने हळूच विचारलं, "आजोबा, पाऊस बंद करू?"

"असू दे. तो डावीकडचा आरसा तेवढा बाहेर घे. मागचं चाक दिसत नाही."

सध्या स्वारी आरशाच्या मागे आहे.