ताईची वीस मिनिटे

१९९३ सालच्या मे महिन्यात आमच्या शहाडच्या चाळीत पहिल्यांदा व्हिडिओ गेम आला, तो भाड्याने. स्टेशनाजवळ एकाकडे व्हीसीआर भाड्याने मिळत असे, त्यानेच हे नवे यंत्र ठेवले होते. एका रात्रीचे तीस रुपये. आम्ही सहा पोरांनी पाच-पाच रुपये काढले. आमचे पाच रुपये ताईने दिले होते. ती दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होती आणि चाळीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून चार पैसे मिळवीत होती. आम्ही तेव्हा सहावी पास होऊन सातवीत जाणार होतो.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले होते, त्याची ती स्वस्त नक्कल. कॅसेटवर ९९९९ गेम असे छापलेले, आत पाहावे तर दहा-बाराच, बाकीचे तेच ते नाव बदलून घातलेले. (फसवणुकीचे हे गणित बी.कॉम. होण्याआधीच आम्हाला कळले, ते असे.) पोरांचा सगळा जीव मारिओवर. रात्रभर आम्ही आळीपाळीने मारिओला पळवला. ताई दाराशी बसून पाहत होती. तिचे पाच रुपये असूनही तिचा नंबर कोणी धरला नव्हता, आम्हीसुद्धा नाही. पहाटे पोरे पेंगली तेव्हा तिने रिमोट हातात घेतला. मारिओ तिला आवडला नाही. "ह्यो नुसता पळतोय," म्हणाली. तिने टेट्रिस लावला.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच अशी एक चौकट. वरून एकेक ठोकळा खाली येतो. आकार एकूण सात, प्रत्येक चार चौकोनांचा: काठी, पेटी, साप, कोयता अशी आम्हीच त्यांना नावे ठेवली होती. ते फिरवून असे बसवायचे की आडवी ओळ पूर्ण भरावी. भरली की ओळ नाहीशी होते. फट राहिली की ढीग वर चढत जातो, आणि माथ्याला टेकला की डाव संपला. दहा-दहा ओळींनी वेग वाढतो. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे ठोकळ्यांचे रंग आम्हाला ठाऊक नव्हते, नुसता आकार पाहायचा.

ताईने उजव्या कडेची एक उभी पट्टी रिकामीच ठेवली. आम्ही ओरडत होतो, "तिकडं टाक, मरशील!" ती ऐकेना. ढीग अर्ध्यावर आला आणि वरून काठी आली. ती तिने त्या पट्टीत सोडली. चार ओळी एकदम गेल्या. या चार ओळींच्या डावालाच 'टेट्रिस' म्हणतात आणि सर्वांत जास्त गुण त्यालाच मिळतात, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. तिला ते कोणी शिकवले नव्हते. मात्र दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे रोज रात्री निजवण्याचे काम तिचेच होते. आजीचे पाय कुठे, वडील रात्रपाळीहून आले की त्यांना जागा कुठे, हे सगळे तिला अंधारातही बसवता येत असे.

वीस मिनिटे ती खेळली. खाली दोन-तीनच ओळी उरल्या होत्या. सात वाजता यंत्र परत द्यायचे होते आणि आम्हाला मारिओची आणखी एक फेरी हवी होती. आम्ही पुढे होऊन कॅसेट उपसली. ताई काही बोलली नाही. उठून स्टोव्ह पेटवला.

जूनमध्ये ती पास झाली. त्याच पावसाळ्यात एका कारखान्यात बदलीवर असलेल्या वडिलांना ब्रेक मिळाला. ताई उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात जाऊ लागली आणि आम्ही शाळेत जात राहिलो. पुढे कॉलेजची फी तिच्याच पगारातून गेली. ती आधी धागे कापायची. मग पुठ्ठ्याचे फर्मे कापडाच्या थरांवर मांडून खडूने आखायचे काम तिच्याकडे आले. पाय, खिसा, पट्टा असे मांडायचे की चिंध्या कमीत कमी निघाव्यात. तिच्या मांडणीत कापड वाचते हे मालकाच्याही ध्यानात आले, पण पगार धागे कापणारीचाच राहिला. कटिंग मास्तर म्हणजे पुरुष, असा तिथला हिशेब होता.

टेट्रिस ज्याने रचला तो अलेक्सी पाजित्नोव्ह मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत नोकरीला होता. वर्ष १९८४. त्याच्या संगणकावर चित्रे काढण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने कंसांच्या खुणांनी ठोकळे केले. खेळ जगभर गेला, कंपन्यांनी त्यावर अमाप पैसा केला. हक्क सरकारकडे असल्याने त्याला मात्र १९९६ पर्यंत रॉयल्टी मिळाली नाही. ही हकिकत ताईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बारा वर्षं? मिळाली तरी."

२०२४ सालच्या जानेवारीत, सावित्रीमाईंच्या जयंतीच्या त्या आठवड्यात, एक बातमी आली. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला तेरा वर्षांचा मुलगा, विलिस गिब्सन, निन्टेन्डोच्या यंत्रावरचा १९८९ सालचा टेट्रिस खेळत १५७ व्या पातळीवर पोचला आणि यंत्रच बंद पडले. आजवर माणसाच्या हातून असे झाले नव्हते. त्या डावाला सुमारे ३८ मिनिटे लागली. २९ व्या पातळीला वेग इतका होतो की तिथे खेळ संपलाच, असे वर्षानुवर्षे मानले जात होते. इंग्लंडच्या टीव्हीवर एका निवेदिकेने त्याला बाहेर जाऊन मोकळी हवा खा, असा टोमणाही मारला.

त्या संध्याकाळी मुलींच्या शिक्षणावर भाषण करून आम्ही घरी आलो होतो. ताई पहिल्या रांगेत होती. चहा घेताना तिला बातमी वाचून दाखवली. तिने पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, "मधी कुणी बंद नाही केलं?"

आम्ही कप खाली ठेवला.

"तू केलं होतंस. आठवतं का?"

आठवत होते. तीस वर्षांत तिच्याजवळ हा विषय आम्ही काढला नव्हता. चुकलो, एवढेच म्हणालो. ती हसली, रागावली असती तर बरे झाले असते.

आमच्या मुलीने मोबाइलवर तो खेळ उतरवून आत्याच्या हातात दिला. काचेवर बोटाने ठोकळे सरकवणे ताईला पहिल्यांदा जमेना. दोन डाव गेले. तिसऱ्या डावात पाहतो तर उजवीकडची पट्टी मोकळी. जेवण झाकून ठेवले. मोबाइल परत मिळाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि त्यातली बॅटरी संपली होती.