घरी शिकून मिळवलेली पदवी

रविवारची वंदना झाली की आमच्या विहारात महिला मंडळाच्या भगिनी घटकाभर बसतात. माझी सून मोबाईलवर इग्नूच्या हिंदी एम.ए.चा अभ्यास करते हे कळल्यावर एकीने विचारले, "ताई, कॉलेजला न जाता मिळालेल्या डिग्रीला कोण विचारतो?" प्रश्न खोचक नव्हता, काळजीचा होता. म्हणून त्याचे उत्तर चार घरांत पोहोचावे असे वाटले.

दिवसभर पोटासाठी राबणाऱ्याने शिकायचे कधी, हे परमपूज्य बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. पुढे कॉलेजच घरी आणणारी मुक्त विद्यापीठे निघाली. देशातले पहिले १९८२ साली हैदराबादला सुरू झाले आणि १९९१ साली त्याला बाबासाहेबांचेच नाव मिळाले. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी हेच पुढे इग्नूचेही पहिले कुलगुरू झाले. इग्नू म्हणजे १९८५ साली संसदेच्या कायद्याने दिल्लीत स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. पूर्वी त्याची पुस्तके पोस्टाने यायची. आज त्याच्या काही पदव्या संपूर्ण ऑनलाइन घेता येतात. मराठीतून शिकायचे असेल तर १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

या पदव्या कमी प्रतीच्या नाहीत. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जाहीर केले आहे. मात्र त्या फुकाच्या नाहीत. स्वाध्याय लिहावे लागतात, परीक्षा द्यावी लागते.

पण सावध राहा! आमच्या शेजारच्या मुलाने "एका वर्षात बी.ए." म्हणणाऱ्या दलालाला पैसे दिले. पैसेही गेले, वर्षही गेले. फी भरण्याआधी त्या विद्यापीठाला त्याच अभ्यासक्रमाची त्या वर्षाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत पाहावे. नर्सिंग, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी यांची पदवी ऑनलाइन मिळते असे कोणी सांगितले तर सरळ दारातून परत पाठवावे.

विद्यापीठ घरी आले तरी घराने त्याला जागा द्यायला हवी. सुनेला रात्री दोन तास मिळावेत म्हणून भाकऱ्या मी थापते आणि भांडी मुलगा घासतो. पहिले काही दिवस तो लाजत होता, आता लाजत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही बंद ठेवणे हेसुद्धा एक दानच आहे.

ज्यांच्या घरी तेवढीही शांतता नाही, त्यांच्यासाठी विहाराचे दार संध्याकाळी उघडे ठेवू या. एक दिवा, एक सतरंजी आणि मोबाईल चार्ज करायला एक बोर्ड. एवढ्यावर आपल्या किती लेकी-सुना पदवीधर होतील!

जयभीम!