भूल देण्याआधीचा अर्धा तास

टॉन्सिल, हर्निया, मोडलेला हात, कानात अडकलेला मणी. अशा कारणांनी आलेल्या लहान मुलांना भूल देणं हे माझं रोजचं काम. ऑपरेशन संपतं, गॅस बंद होतो आणि काही मुलं शुद्धीवर येताना किंचाळू लागतात. हातपाय झाडतात, सलाईन ओढतात. आई समोर असते, पण तिला ओळखत नाहीत. आईचा तर जीवच जातो. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं. बहुतेक वेळा थोड्या वेळात ते आपोआप निवळतं आणि मुलाच्या लक्षातही राहत नाही.

सेव्होफ्लुरेनसारखा गॅस, दुखणं, वय ही कारणं आहेतच. पण थिएटरच्या दारात घाबरून रडणारं मूल बऱ्याचदा तसंच रडत जागं होतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ झीव केन यांच्या गटाने टॉन्सिल काढलेल्या २४१ मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. आधी जास्त घाबरलेल्या मुलांना नंतर दुखलंही जास्त, घरी गेल्यावर त्यांची झोपही बिघडली.

म्हणून आदल्या दिवशीच मी मुलाच्या हातात भुलीचा मास्क देते. हर्नियासाठी आलेल्या एका चार वर्षांच्या मुलीने तो आधी आईच्या नाकाला लावला, मग बाहुलीच्या. "आई, तू झोपलीस का गं?" असं विचारून झाल्यावर स्वतःच्या. दुसऱ्या दिवशी आईच्या मांडीवर बसून तिने तो आपणहून धरला. जागी झाली तेव्हा थोडी कुरकुरली आणि पाणी मागितलं.

सगळी अशी नसतात. फारच बिथरलेल्या मुलाला वजनाप्रमाणे मिडाझोलाम हे शांत करणारं औषध पाजते. ते कडू असतं, म्हणून गोड करून द्यावं लागतं. पण अर्ध्या तासात मूल सैलावतं. आई आत आली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. तिचेच हात थरथरत असतील तर मूल आणखी घाबरतं. अशा वेळी शांत असलेला बाबा किंवा मावशी बरी.

मला सर्वांत त्रास होतो तो "फोटो काढायला जायचंय" असं सांगून आणलेल्या मुलाला पाहताना. त्याचा आमच्यावरचाच नाही, घरच्यांवरचाही विश्वास उडालेला असतो.

तेव्हा आईबाबांनो, मुलाला आदल्या दिवशी साध्या शब्दांत खरं सांगा: डॉक्टर झोपवतील, दुखणं बरं करतील, जागा झालास की आम्ही जवळ असू. दूध भुलीच्या सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तहानलेलं मूल जास्त चिडतं. आजीने लपवून बिस्कीट दिलं असेल तर न घाबरता सांगा. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटायला मागा, मुलाला सोबत घेऊन.