तोरणमाळचा घाट आणि क्लचप्लेट
समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या तोरणमाळला शहाद्याहून जाणारा सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता आरंभी सपाट शेतांतून जातो आणि पुढे सातपुड्याचा घाट चढू लागतो. या चढावर प्रवासी जीपच्या इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचते ती सेंटीमीटरभरही जाड नसलेल्या एका तबकडीमार्फत, म्हणजेच क्लचप्लेटमार्फत. पोटातच इंधन जाळणारे इंजिन थांबलेल्या अवस्थेत ओढ देऊ शकत नाही, ते आधी फिरते असावे लागते आणि गाडी तर उभी असते; या दोहोंची गाठ हळूहळू घालून देणे हे क्लचचे काम. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, याच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक बोल्टांनी पक्के केलेले असते, त्यावर प्रेशर प्लेट बसते आणि या दोहोंच्या चिमटीत क्लचप्लेट धरली जाते, जिच्या मधल्या दात्यांत गिअरबॉक्सचा पुढे आलेला दांडा शिरतो.

महाशिवरात्रीच्या यात्रेच्या तोंडावर अशाच एका जीपचा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवण्याच्या कामाला प्रस्तुत लेखकाचा हात लागला. तक्रार नेहमीचीच होती: चढावर इंजिनाचे फेरे वाढत, वेग मात्र वाढत नसे आणि जळका वास येई. उतरवणे हा सोपा भाग. नवी प्लेट बसवताना प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले जाईपर्यंत ती सैल असते आणि तिचे केंद्र चुकले, तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यातून पार होऊन पायलट बेअरिंगमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाशी त्याला पेलणाऱ्या छोट्या बेअरिंगमध्ये, पोहोचत नाही. म्हणून जुना टाकाऊ दांडा आत घालून आधी केंद्र धरण्यात आले आणि मगच समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले गेले.

जॅकवर तोललेला गिअरबॉक्स पुढे सरकवला असता तो बोटभर अंतरावर अडला. अशा वेळी बोल्ट लावून तो ओढून घेण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. पण त्याने प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा गिअरबॉक्सच्या कवचाचा कान तडकतो. अडथळा बहुधा दाते दात्यांसमोर न आल्याचाच असतो, आणि येथेही गिअर टाकून मागचा दांडा हाताने किंचित फिरवताच गिअरबॉक्स सहज आत गेला. तोपर्यंत त्याचे वजन जॅकवरच राहावे लागते, दांड्यावर लोंबू देता येत नाही. घाईच्या दिवसांत नेमका याचाच विसर पडतो.

घाटाच्या गाडीला ही जोडणी अधिक नेमकी लागते, कारण चढताना इंजिन चाकांना फिरवते, तर खालच्या गिअरमध्ये उतरताना चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, ज्यामुळे वेग आवरतो आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. अर्थात तीच तबकडी दोन्ही बाजूंनी भार सोसते. तथापि उत्तम बसवलेली प्लेटही ‘हाफ क्लच’पुढे, म्हणजे पेडल अर्धे दाबून चढावर गाडी तोलून धरण्याच्या सवयीपुढे, फार काळ टिकत नाही. तेव्हा घाटात थांबणे भाग पडल्यास चालकाने हँडब्रेक ओढावा, गिअर काढावा आणि क्लचवरचा पाय पूर्ण उचलावा.