लालबर्रा गावची शनिवारची मोटार

गोंदियाहून आगगाडीने बालाघाटास उतरावे, तेथून शिवनीकडे जाणारी बस धरावी आणि वैनगंगेचा पूल मागे टाकून सुमारे पाऊण तास धानाच्या बांध्या पाहत बसावे, म्हणजे लालबर्रा येते. गाव तहसिलीचे, बाजार मोठा, बोलणे हिंदी, पोवारी आणि मराठी अशा तिन्ही धाटणींचे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात नांदत होते, त्या नात्याच्या खुणा अनेक घरांत अद्याप बोलीच्या रूपाने टिकून आहेत.

गेल्या कार्तिकात आम्ही तेथे गेलो, ते एका निवृत्त गुरुजींच्या आग्रहावरून. "फादर, शनिवारीच या," असे त्यांनी बजावून कळविले होते. शनिवारच का, ह्याचा उलगडा त्यांच्या अंगणात पाऊल टाकताच झाला. बैलांच्या गोठ्याशेजारी एक पत्र्याची पडवी होती. तीत पांढरी, गोलसर पाठीची, समोर चौकटीचौकटीची जाळी असलेली अँबॅसडर उभी होती, आणि तिच्या उघड्या झाकणाखाली गुरुजी व त्यांची कॉलेजात शिकणारी नात असे दोघेही डोके घालून उभे होते.

ह्या मोटारीचे कूळ वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड ह्या गाडीच्या साच्यावरून हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधील उत्तरपाडा येथे ती बांधली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती रस्त्यावर आली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचा कारखाना थांबला. मंत्र्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांना तिने वाहिले. गुरुजींची गाडी १९६८ ची, 'मार्क टू' म्हणतात त्या जातीची. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली, पुढची बैठक बाकासारखी सलग. १९८४ साली त्यांनी ती जुनीच विकत घेतली.

"हौस म्हणून घेतली," गुरुजी म्हणाले, "आणि हौशीसारखीच वागवली. धुवायची, पुसायची, चार लोकांना दाखवायची. आत काय चालले आहे, ते पाहायचे नाही."

मग त्यांनी १९९१ सालच्या श्रावणातील एक रात्र सांगितली. त्यांच्या आईस अकस्मात श्वास लागेना. बाहेर मुसळधार पाऊस. गाडीत आईला बसविले, चावी फिरविली. यंत्र नुसते कण्हले. पुढून हँडल घालून फिरविले, माणसांनी ढकलली, व्यर्थ. महिनाभर यंत्र अडखळत होते, हे गुरुजींना ठाऊक होते; परंतु आज पाहू, उद्या पाहू म्हणून ते राहिले होते. अखेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत तणस पसरून आईला निजविले आणि बालाघाटास नेले. माउली वाचली, पुढे नऊ वर्षे जगली. "पण त्या ट्रॉलीत तिच्या डोक्यावर छत्री धरून मी बसलो होतो, फादर. घरी चकचकीत गाडी उभी होती."

दोष तो किती लहान होता! यंत्रातील पेट्रोल पेटविणारी ठिणगी ज्यांच्या उघडझापीने निघते, ते 'सी. बी. पॉइंट' जळून खडबडीत झाले होते. ते पूर्ण उघडले असता त्यांच्यातील फट इंचाच्या हजार भागांपैकी सुमारे १५ भाग असावी लागते. फट कमी झाली तर पॉइंट जळतात, जास्त झाली तर ठिणगी दुर्बळ होते. बालाघाटच्या एका वृद्ध मिस्त्रीने पोलादी पट्ट्यांच्या मापाने ती कशी साधावी, हे गुरुजींना शिकविले. तेव्हापासून त्यांचा शनिवार चुकला नाही.

शनिवारचा हा क्रम आम्ही डोळ्यांनी पाहिला. प्रथम तेल, पाणी आणि बॅटरीची टोके. मग पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीसगनने ग्रीस. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी संपूर्ण बदलावयाचे. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घालावयाचा नाही, कारण वाफ आत कोंडून पत्र्याला गंज चढतो. सुती चादर बरी. तणसाची गंजी पडवीपासून दूर रचावयाची, नाही तर उंदीर तारा कुरतडतात. आणि नुसते यंत्र सुरू करून भागत नाही. दहाबारा किलोमीटर जाऊन यावे, तेव्हा कोठे तेल पुरेसे तापते आणि आतील पाण्याचा अंश उडून जातो.

अलीकडे एक नवी काळजी आली आहे. २०२५ पासून आपल्या देशातील पेट्रोलमध्ये साधारणतः २० टक्के इथेनॉल असते. ते ऊस व धान्य यांपासून होते, शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच. तथापि जुन्या गाड्यांतील रबर त्यास सोसत नाही, आणि ते पाणीही ओढते. म्हणून नातीने पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा नव्या जातीच्या रबराचा बसवून घेतला आहे, आणि टाकीत फार दिवसांचे पेट्रोल ती राहू देत नाही.

दुपारी जेवताना खरा प्रश्न पुढे आला. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. नागपूरचा मुलगा म्हणतो, विकून टाका. दुसरा मार्ग सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांचा. पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपात राहिलेली गाडी वारसा म्हणून नोंदविता येते, तिच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे येतात. मान मोठा, पण मग ती प्रदर्शनाला व मेळाव्याला न्यावी, नित्याच्या कामाला नाही. साधी नोंदणी ठेवावी, तर दर पाच वर्षांनी तपासणीस उभे राहावे लागते.

"फादर, तुम्हीच सांगा," गुरुजी म्हणाले. पुस्तके चाळण्यात हयात घालविलेल्या आम्हांस उत्तर सुचेना. ते दिले नातीने. "आजोबा, साधाच नंबर राहू द्या. तपासणीला मी घेऊन जाईन. शोभेची केली, तर अडीअडचणीला कोणाला नेता येणार नाही."

"आता १०८ ची गाडी येते ना, बाई," गुरुजी म्हणाले.

"येते. पण आपली बंद नको."

गुरुजींनी मान खाली घातली आणि बराच वेळ ताटातील भात कालवीत राहिले. मग उठून त्यांनी खुंटीवरची चावी काढली व तिच्या हातात दिली.

सायंकाळी तिनेच आम्हांस बसथांब्यावर पोहोचविले. चावी फिरताच यंत्र पहिल्या झटक्यास सुरू झाले. गुरुजी मागे बसून कान देऊन ऐकत होते. आपल्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. शिवणयंत्र असेल, पाण्याचे इंजिन असेल. ती नुसती पुसून ठेवली आहे की गरजेच्या रात्री चालेल अशी ठेवली आहे, एवढे ह्या शनिवारी जरूर पाहावे.