सरकवून पाहणे

चिकटवलेला सांधा तीन तऱ्हांनी सुटतो. दोन पृष्ठभाग एकमेकांपासून सरळ ओढून काढता येतात, कडेला नख घालून सोलता येतात किंवा एकमेकांवरून विरुद्ध दिशांना सरकवता येतात. या तिसऱ्या तऱ्हेला पाठ्यपुस्तके कर्तन म्हणतात, कारखान्यात तिला शिअर म्हणतात. सोलताना सगळा जोर कडेच्या एका रेषेवर येतो. सरकवताना तो चिकटलेल्या क्षेत्रभर वाटला जातो. म्हणून जाणता कारागीर सांधा असा बेततो की वापरात त्याच्यावर शिअर यावा, सोल येऊ नये. माणसाचे बोट मात्र जन्मभर सोलूनच सांध्याची परीक्षा घेते. शिअरची परीक्षा घ्यायची तर यंत्र लागते.

कित्येक मराठी घरांत मुलाच्या हाती येणारा पहिला गोंद म्हणजे शिजवलेला भात. लिफाफा बंद करायला ताटातली चार शिते पुरत. पतंगाला आणि वहीच्या कव्हराला कणकेची खळ लागे. अशा खळीने दोन कागदी पट्ट्या टोकाशी एकमेकींवर चिकटवल्या आणि वाळल्यावर लांबीच्या दिशेने ओढल्या, तर बहुधा कागद फाटतो, सांधा शाबूत राहतो. शिअरची ही चाचणी कोणतेही मानक न वाचता होते, आणि प्रयोगशाळेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिच्यातच आहे: तुटले नेमके कुठे? पृष्ठभागावरून गोंद साफ निघून आला असेल, तर दोष बहुधा पृष्ठभागाच्या तयारीत. गोंद मधोमध फाटून दोन्ही बाजूंना उरला असेल, तर पकड ठीक होती, कमी पडली ती गोंदाची स्वतःची ताकद. मूळ वस्तूच तुटली असेल, तर सांध्याची खरी ताकद कळलीच नाही. ती मोजलेल्या आकड्याहून जास्त आहे, इतकेच समजले. ज्या अहवालात आकडा आहे पण तुटलेल्या पृष्ठभागाचे वर्णन नाही, तो अहवाल अर्धाच म्हणायला हवा.

सायकल आली की पंक्चर आले. पंक्चरवाला ट्यूब कानशीने किंवा पॉलिश पेपरने खरवडतो, सोल्युशन लावतो, ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबतो, मग ठिगळ ठेवून ठोकतो. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला हे थांबणे फुकटचे वाटते. पण द्रावक उडून गेला नाही तर ठिगळाखाली मऊ थर राहतो. पुढे हवा भरताना ट्यूब ताणली जाते, तेव्हा ठिगळाच्या कडांवर जो जोर येतो त्यात मोठा वाटा शिअरचा असतो, आणि तिथेच तो थर सरकतो. प्रयोगशाळेतही वेळ जातो तो नमुना ओढण्यात नाही, त्याच्या आधीच्या तयारीत. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आधी तेलमुक्त करतात, मग आम्लात बुडवून त्यांच्यावर योग्य ऑक्साइडचा थर आणतात. धुतल्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा न तुटता पसरून राहिला तर पट्टी स्वच्छ. थेंब थेंब होऊन पाणी गोळा झाले तर पुन्हा पहिल्यापासून.

अभियांत्रिकी महाविद्यालयात हाच खेळ यूटीएम या नमुने ओढून-दाबून तपासणाऱ्या यंत्रावर येतो. सर्वांत रूढ चाचणी एकेरी लॅप जॉइंटची आहे. अमेरिकेत ती एएसटीएम डी १००२ या क्रमांकाने ओळखतात, आंतरराष्ट्रीय मानकात आयएसओ ४५८७ या क्रमांकाने. २५ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर जाड अशा दोन धातूच्या पट्ट्या टोकाशी १२.५ मिलिमीटर एकमेकींवर घेऊन चिकटवतात आणि दोन्ही बाजूंनी जबड्यांत धरून ओढतात. आयएसओच्या पद्धतीत वेग असा ठेवायचा की सांधा साधारण ६५ सेकंदांत तुटावा. तुटताना लागलेला जोर भागिले चिकटलेले क्षेत्र, म्हणजे शिअरची ताकद. इथे क्षेत्र ३१२.५ चौरस मिलिमीटर. चांगल्या इपॉक्सीने २० मेगापास्कलचा आकडा दिला, तर जोर झाला ६,२५० न्यूटन, म्हणजे सुमारे ६४० किलो वजनाइतका. टपाल तिकिटाएवढ्या जागेने एवढे पेलले, याचे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते. निदान पाच नमुने तोडायचे, सरासरी काढायची, वहीत लिहायची.

हा आकडा सोयीचा आहे, पण सरळ नाही. भागाकार करताना जोर सगळीकडे सारखा वाटला गेल्याचे गृहीत धरलेले असते, आणि तसे कधीच घडत नाही. पट्ट्या स्वतः ताणल्या जातात आणि त्यांचा ताण सांध्याच्या टोकांशी सर्वांत वेगाने बदलतो. त्यामुळे गोंदावरचा शिअर दोन्ही टोकांना शिखरासारखा चढतो आणि मधला भाग बराचसा निवांत राहतो. जर्मनीत फोल्करसेनने १९३८ साली हे गणित मांडले, तेही मुळात रिव्हेटांच्या रांगांसाठी. चिकटवलेली लांबी दुप्पट केली म्हणून ताकद दुप्पट होत नाही ती यामुळे. वाढवलेली जागा मधल्या निवांत भागात जाते.

दुसरी अडचण याहून वाईट. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवलेल्या असल्याने त्यांना ओढणारी बळे एका रेषेत येत नाहीत. सांधा थोडा फिरतो, पट्ट्या वाकतात आणि टोकांशी त्या एकमेकींपासून दूर जाऊ पाहतात. गोलँड आणि रायस्नर यांनी १९४४ साली ही वाकण्याची क्रिया हिशेबात घेतली. निष्कर्ष असा की ज्या चाचणीला शिअरचे नाव आहे, तिच्यात सांधा बहुधा टोकाच्या सोलण्याने सुटायला लागतो. पट्टी जाड केली की ताकद वाढल्यासारखी दिसते, गोंद तोच असला तरी. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड इथे एअरो रिसर्च ही कंपनी चालवणाऱ्या नॉर्मन डी ब्रुइन यांनी याच काळात पट्टीची जाडी आणि सांध्याची लांबी यांचा संबंध एका गुणकात बांधला. धातू चिकटवणारे रेडक्स हे त्यांच्याच कंपनीचे. माल विकणाऱ्यानेच आपल्या आकड्यांच्या मर्यादा तपासाव्यात, हे दुर्मीळ आणि म्हणून लक्षात राहण्यासारखे.

तेव्हा लॅप शिअरचा आकडा गोंदाचा गुणधर्म नव्हे, त्या एका सांध्याचा आहे. दोन गोंदांची तुलना करायला किंवा कारखान्यात रोजची घडी बिघडली का हे पाहायला तो उत्तम. विमानाच्या पंखाचा हिशेब त्यावर करू नये. गोंदाचा स्वतःचा शिअर हवा असेल तर जाड पट्ट्यांची चाचणी करतात. पट्ट्या इतक्या जाड आणि चिकटलेली लांबी इतकी आखूड की वाकायला वावच राहत नाही. सरकणे मोजायला सांध्यावर सूक्ष्म मापक बसवतात. त्याहून शुद्ध रीत म्हणजे दोन नळ्या तोंडाला तोंड लावून चिकटवणे आणि पिळणे. पिळताना कडेची टोके नसतातच, म्हणून शिअर जवळजवळ निखळ मिळतो. नमुने बनवायला ही रीत त्रासाची, त्यामुळे रोजच्या कामात ती क्वचितच दिसते.

संसाराच्या लाकडी सामानाला वेगळी चाचणी लागते. जुना सुतार सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करी. सरस सुका असताना पक्का धरे आणि कोकणातल्या पावसाळ्यात ढिला पडे. पुढे पांढरा फेविकॉल आला आणि शेगडी सुटली. चाचणीत लाकडाचे ठोकळे ओढत नाहीत, दाबतात: दोन ठोकळे थोडे सरकवून चिकटवायचे आणि एकाच्या माथ्यावर जोर देऊन त्याला दुसऱ्यावरून घसरवायचे. ताकदीबरोबर तुटलेल्या जागी लाकडाचे तंतू किती टक्के भागावर उरले हेही नोंदवतात, आणि जाणकार आधी हाच आकडा बघतो. प्लायवुडमध्ये सांधे आत दडलेले असतात, म्हणून दोन्ही बाजूंनी खाचा पाडून नेमका एक थर सरकेल अशी सोय करतात. मरीन प्लायच्या भारतीय मानकात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून मग तपासतात. शिवाय सुरीने थर उचकटून पाहण्याची चाचणीही मानकात आहे. म्हणजे बोटाच्या जुन्या सवयीला तिथे रीतसर मान मिळाला.

मिनिटभरात आटपणाऱ्या चाचणीला वर्षे दिसत नाहीत. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग उडत असतानाच उखडला आणि एक हवाई सेविका प्राणास मुकली. त्या विमानाच्या पत्र्यांचे लॅप जॉइंट थंड अवस्थेत गोंदाने चिकटवून वर रिव्हेट मारलेले होते. ओल शिरून गोंद सुटत गेला, गंज चढला, गोंदाने वाहायचा भार रिव्हेटांच्या भोकांवर आला आणि तिथे तडे वाढले. बॉस्टनमध्ये १० जुलै २००६ रोजी बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तुकडे एका मोटारीवर कोसळले. छत धरणाऱ्या सळया इपॉक्सीने भोकांत बसवलेल्या होत्या. अशा सळईचा गोंद शिअरनेच भार झेलतो. बसवल्यावर त्या ओढून तपासल्याही होत्या. पण झटपट घट्ट होणारे ते इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत राहिले. ही सावकाश घसरण पकडायची तर नमुना स्प्रिंगच्या ताणाखाली दमट, उबदार कपाटात महिनोन् महिने ठेवावा लागतो. चाचणी खर्चिक नाही, पण तिला धीर लागतो, आणि कंत्राटांत धीराला कलम नसते.

वय वाढले की गोंद तोंडात येतो. मायकेल बुऑनोकोर यांनी १९५५ साली दाताचे इनॅमल आम्लाने खडबडीत करून त्यावर राळ धरते हे दाखवले. आजची बरीचशी फिलिंगे त्याच वाटेने बसतात. इथे शिअर मोजायला दातावर राळेचा छोटा दंडगोल चिकटवतात आणि तो पात्याने कडेवरून ढकलतात. पाते किंचित दूर धरले तर ढकलण्यात उचकटणे मिसळते. तारेचा फास वापरला तर आकडा निराळा येतो. दंडगोलाच्या गोलाईत बसणारे खाचेचे पाते वापरले तर आणखी निराळा. एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीच्या शेजारी मांडून कोणते द्रव्य सरस हे ठरवणारे त्यामुळे फसतात.

नातवंडांच्या दातांवरच्या तारांसाठी तर जास्त ताकद नकोच असते. रेनॉल्ड्स यांनी १९७५ साली सुचवलेली ६ ते ८ मेगापास्कलची मर्यादा अजून सांगितली जाते. त्याहून फार घट्ट बसलेले, तार धरणारे ब्रॅकेट काढताना इनॅमलचा कपचा निघण्याची भीती. म्हणून दंतवैद्य ते पकडीत चिमटून कडेने सोलतो. दातांच्या नमुन्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत. चिकटवलेला नमुना ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात २४ तास ठेवायचा, टिकाऊपणा पाहायचा असेल तर ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने ५०० वेळा बुडवायचा. आणि उपटलेला दात शक्यतो महिन्याच्या आत वापरायचा, सहा महिन्यांपेक्षा जुना तर नकोच. कारण तोंडाबाहेर पडलेल्या दाताचे इनॅमलखालचे दंतिन बदलत जाते आणि मोजलेला शिअर मग जिवंत दाताबद्दल काही सांगत नाही.